शून्यातून प्रोग्रामिंग: दूध संस्थेचं बिल स्वतःच लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

धारोष्ण | १४ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यातल्या एका छोट्या गावात महिला दूध संस्थेचं सचिवपद सांभाळतो. ६२ सभासद, बहुतेक सगळं म्हशीचंच दूध. सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. फॅट काढायचं मशीन आहे, काटा आहे, पण बिलाचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर होतं तो मागच्या पावसाळ्यात गेला. ज्यांनी बसवून दिलं होतं ते आता फोन उचलत नाहीत. तेव्हापासून वही आणि एक्सेल. बिलाच्या रात्री झोपायला एक वाजतो आणि सकाळी साडेपाचला परत संस्थेचं कुलूप उघडायचं असतं.

डोक्यात आलंय की हा प्रोग्राम आपणच लिहायला शिकावं. शिक्षण बी.कॉम., एमएस-सीआयटी केलंय, प्रोग्रामिंगच्या नावानं शून्य. वय ३७. इंग्रजी वाचून कळतं, बोलायची पंचाईत. राजारामपुरीत एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. ते म्हणाले फुल स्टॅक करा. म्हणजे काय असं विचारलं, तर म्हणाले "सगळंच". फी ऐकून रिक्षा न करता चालत स्टँडवर आलो.

लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. कुठली भाषा घेऊ? आणि या वयात जमेल का, ते खरं खरं सांगा.

---

उद्यमनगरी | १४ जून, रात्री १०.२०

पायथॉन घ्या आणि विषय संपवा.

मी आयटीआयवाला. शिरोलीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, बारा वर्षं झाली. मशीनला हुकूम द्यायची भाषा, "जी-कोड", हातानं लिहितोय म्हणून वाटलं प्रोग्रामिंग आपल्याला येतंयच, पण तसं काय नसतंय. तीन वर्षांमागं जॉबचे टाइम मोजायला म्हणून पायथॉन शिकलो, यूट्यूब आणि धडपड.

एक सांगतो, भीती असली तर जाईल. आमच्याकडं जी०१ म्हणजे कापत जायचं, जी०० म्हणजे रिकामं पळायचं. एकाच्या जागी दुसरं पडलं की टूल सरळ जॉबात घुसतंय, इन्सर्ट गेलं, जॉब गेला, वर साहेबाचं तोंड. कॉम्प्युटरवर चुकलं तर चार ओळी लाल अक्षरं येतात आणि गडी गप बसतोय. हजारदा चुका, कुणाचं काय जात नाही. खऱ्या वहीला तेवढं हात लावू नका पहिले तीन महिने.

---

हिंजवडी_फेज२ | १४ जून, रात्री ११.०५

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पायथॉनपासून सुरू केलं की पाया कच्चा राहतो. मेमरी कशी वापरली जाते, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) काय असतो, हे कळल्याशिवाय प्रोग्रामिंग कळलं असं मी तरी म्हणणार नाही. आधी सी, मग डेटा स्ट्रक्चर, मग हवं ते. पायथॉन वेगालाही मंद आहे. वर्षभर रोज दोन तास दिलेत तर बिल सॉफ्टवेअर सहज होईल.

---

तांबडापांढरा | १४ जून, रात्री ११.१२

६२ म्हशींच्या बिलाला वेग कमी पडला तर म्हशी वैरण खात थांबतील की.

---

खडूफळा | १५ जून, सकाळी ७.३०

मी सत्तावीस वर्षं तंत्रनिकेतनात सी शिकवली, तेव्हा वरच्या वादात बोलायचा थोडा हक्क मला आहे.

सी ही १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली, ती मुख्यतः युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. ज्यांना यंत्राच्या पोटात शिरायचं होतं त्यांचं ते हत्यार. पायथॉनची सुरुवात १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत गिडो व्हान रॉसम यांनी केली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. नावाचा सापाशी संबंध नाही, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ते घेतलं आहे. वाचणाऱ्याला सोपं जावं हा या भाषेचा पहिल्यापासूनचा आग्रह.

माझा अनुभव सांगतो. पहिल्याच आठवड्यात मुलं कीबोर्डवरून एक आकडा घ्यायला शिकत. त्यासाठी सी मध्ये स्कॅनएफ लिहायचं आणि चलाच्या नावाआधी ते ॲम्परसँडचं चिन्ह लावायचं. चिन्ह राहिलं की प्रोग्राम कोसळायचा. का, असं मुलं विचारत. उत्तर द्यायचं तर पॉइंटर समजावावे लागत, आणि पॉइंटर अभ्यासक्रमात चार महिन्यांनी. मग मी म्हणायचो, "आत्ता फक्त लावा." तिथेच अर्धा वर्ग मनातून उठून जायचा. ते मला उशिरा कळलं.

तेव्हा तुम्ही पायथॉनच घ्या. इंग्रजीची काळजी नको. तिच्यात राखीव शब्द ३५, त्यातले तुम्हाला सुरुवातीला दहा-बाराच लागतील. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, फुकट. छोटे छोटे धडे असतात, ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत करायचं.

वयाचं म्हणाल, तर दहा दिवसांचं ६२ जणींचं बिल जो माणूस वहीत जुळवतो त्याला तर्क येतो. राहिलं ते फक्त लिहायचं कसं एवढंच.

---

धारोष्ण | १५ जून, दुपारी २.१५

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

@हिंजवडी_फेज२, राग नाही, पण दादा नव्हे, ताई. आमच्याकडं बायकाही "जातो, येतो, करतो" असंच बोलतात. पुण्याला नणंदेकडं गेलं की तिथली पोरं हसतात.

---

हिंजवडी_फेज२ | १५ जून, दुपारी २.४०

अरे देवा. माफ करा ताई. माझी आई गडहिंग्लजची, मला कळायला हवं होतं.

---

रंकाळावेस | १५ जून, रात्री ८.००

मी बीसीए दुसऱ्या वर्षाला. ताई, माझी चूक करू नका म्हणून लिहितोय. मी पायथॉनची चाळीस तासांची प्लेलिस्ट पूर्ण बघितली. बघताना सगळं कळत होतं, मान डोलवत होतो. मग कोरी स्क्रीन उघडली आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना. दुसऱ्याचं पोहणं काठावर बसून बघितल्यासारखं झालं. आता दहा मिनिटं बघतो, बंद करतो आणि न बघता तेच टाइप करतो. निम्मं चुकतं. पण जे चुकून दुरुस्त होतं तेवढंच डोक्यात राहतंय.

---

धारोष्ण | २३ जून, रात्री १०.३०

आठवडा झाला. पायथॉन लॅपटॉपवर चढवलं, ४ जीबीवर आरामात चालतंय. स्पोकन ट्युटोरियलचे काही धडे केले. आज पहिला स्वतःचा प्रोग्राम: सकाळचं दूध विचारायचं, संध्याकाळचं विचारायचं, बेरीज दाखवायची. (फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीवर आहे, कोडही मराठीतच वाचा.)

सकाळ = इनपुट("सकाळचे लिटर: ")
संध्याकाळ = इनपुट("संध्याकाळचे लिटर: ")
प्रिंट(सकाळ + संध्याकाळ)

४ आणि ३ घातलं. उत्तर आलं ४३. एका म्हशीला त्रेचाळीस लिटर! हे काय गौडबंगाल आहे?

---

तांबडापांढरा | २३ जून, रात्री १०.३३

ती म्हैस विकायची असली तर आधी मला सांगा.

---

उद्यमनगरी | २३ जून, रात्री १०.५०

इनपुट जे देतंय तो आकडा नसतोय ताई, अक्षरं असतात. "४" ला "३" चिकटवलं की "४३". गाडीच्या नंबरप्लेटीवरच्या आकड्यांची कुणी बेरीज करत नाही, तसंच. फ्लोट(इनपुट(...)) असं करा, मग तो आकडा धरतंय.

आणि गंमत बघा, मी आत्ता करून बघितलं. इनपुटला मराठीतून "४.५" टाकलं तरी फ्लोट ते बरोबर साडेचार धरतंय. पण प्रोग्रामच्या ओळीतच मराठी आकडा लिहिला की एरर. चलांची नावं मात्र मराठीत चालतात, सकाळ, फॅट, दर, कायपण.

---

धारोष्ण | २३ जून, रात्री ११.१०

७ आलं!! झोपतो आता.

---

खडूफळा | २४ जून, सकाळी ७.१५

अभिनंदन. लाल अक्षरं येतील तेव्हा एक सवय लावा: शेवटची ओळ आधी वाचायची. चुकीचा प्रकार तिथे असतो. मग वर सरकून ओळीचा क्रमांक बघायचा. नेमएरर म्हणजे त्या नावाचं काही ओळखीचं नाही, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. टाइपएरर म्हणजे आकड्यात अक्षर मिसळलं. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली. पायथॉनमध्ये ती जागा शोभेची नसते, कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे ते त्यावरून ठरतं. चार स्पेस ठेवा आणि टॅबशी मिसळू नका. आणखी एक, फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला तर अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात, ती पायथॉनला चालत नाहीत. माझा एक विद्यार्थी त्या एका चिन्हापायी दुपारभर अडला होता.

---

धारोष्ण | ९ जुलै, रात्री ९.२०

पाऊस म्हणजे पाऊस. रात्री वीज नसते, म्हणून लॅपटॉप संस्थेत चार्ज करून घरी नेतो.

आता दर. फॅट ६.० ला किंवा वर पूर्ण दर, ५.५ ते ६.० मध्ये कपातीचा, त्याखाली वेगळाच. असं लिहिलं:

इफ फॅट >= ५.५:
    प्रिंट("कपातीचा दर")
एलिफ फॅट >= ६.०:
    प्रिंट("पूर्ण दर")
एल्स:
    प्रिंट("खालचा दर")

६.८ घातलं तरी कपातीचाच दर. एरर नाही, लाल अक्षर नाही, आणि उत्तर चूक. हे जास्त वाईट की हो.

---

उद्यमनगरी | ९ जुलै, रात्री ९.४५

जुलै आहे, तर नदीवरच बोलू. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. समजा पाणी ४४ वर आहे आणि एक गडी खालून वर विचारत बसलाय: "३९ च्या वर आहे का?" हाय. झालं, तो "इशारा" म्हणून बोर्ड लावून घरी गेला. ४३ चा प्रश्न त्यानं विचारलाच नाही. इफ-एलिफ असंच चालतंय. पहिलं खरं निघालं की बाकीच्यांकडं बघत नाही. मोठी अट आधी ठेवा, ४३ मग ३९. तुमच्यात ६.० आधी, मग ५.५.

२०१९ ला आमच्या घरात कंबरेएवढं पाणी होतं, तवापासून हे दोन आकडे झोपेत पण सांगतोय.

---

हिंजवडी_फेज२ | ९ जुलै, रात्री १०.१०

हे उदाहरण मी ऑफिसात नवीन मुलांना सांगणार आहे. ताईंच्या शेवटच्या वाक्याला +१. एरर येणारी चूक ही चांगली चूक. गप्प राहून खोटं उत्तर देणारी चूक शोधायला आमच्याकडे मोठमोठी मंडळी रात्री जागवतात. उपाय जुनाच: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असे आकडे घालून बघायचे. फक्त ६.८ नाही. सीमेवरचेही, ६.०, ५.९, ५.५, ५.४.

---

धारोष्ण | २६ जुलै, रात्री ८.४०

दहा दिवसांची बेरीज करणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी) लिहिला. मागच्या बिलाच्या वहीतले आकडे टाकले. सगळ्यांचं दूध कमी भरतंय! एकीचं हातानं तपासलं, तर दहाव्या दिवसाचं दूधच धरलेलं नाही. रेंज(१, १०) असं लिहिलंय. एक ते दहा म्हणजे दहा दिवस ना?

---

रंकाळावेस | २६ जुलै, रात्री ८.५५

ताई, रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. रेंज(१, ११) लिहा.

---

धारोष्ण | २६ जुलै, रात्री ९.००

चाललं. पण असं का? कुणाला तरी सांगा की दहा म्हणजे दहा.

---

खडूफळा | २७ जुलै, सकाळी ७.४०

हा प्रश्न फार जुना आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली यावर एक छोटंसं टिपण लिहिलं होतं. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा, असं केलं की दोन सोयी होतात. किती आकडे आले ते नुसत्या वजाबाकीत कळतं, ११ वजा १ म्हणजे १०. आणि महिना तुकड्यांत मोडला तर तुकडे बरोबर जुळतात: १ ते ११, ११ ते २१, २१ ते ३१. कुठला दिवस दोनदा येत नाही, कुठला सुटत नाही. तुमची बिलं दहा-दहा दिवसांचीच आहेत, तेव्हा ही रीत तुमच्याइतकी कुणाला उपयोगी पडणार?

अर्थात ३१ तारखेचा महिना असेल तर तिसऱ्या तुकड्याला ३२ लिहावं लागेल. फेब्रुवारीचं तुम्ही बघा.

---

पन्हाळ्याचा_वारा | २ ऑगस्ट, दुपारी ३.३०

धागा पूर्ण वाचला, छान चाललंय. पण एक विचारतो, हे सगळं आता चॅटजीपीटीला सांगितलं की पाच मिनिटांत लिहून देतं. दोन महिने कशाला घालवायचे?

---

धारोष्ण | २ ऑगस्ट, रात्री ९.१५

खोटं कशाला बोलू, मीही विचारलं होतं जुलैत. दीडशे ओळींचा प्रोग्राम दिला त्यानं, चालला पण. बघून मन हरखलं. मग आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, पशुखाद्याची उचल बिलातून वजा झाली पाहिजे. आता त्या दीडशे ओळींत ती वजाबाकी कुठं घुसवायची? एका जागी घातली, तर उचल नसलेल्या बायकांचंही बिल कमी झालं. मला त्यातलं काहीच माझं वाटेना. शेवटी बंद केलं आणि माझा चाळीस ओळींचा लंगडा प्रोग्राम परत काढला. त्यात उचल कुठं घालायची ते मला अंधारातही सांगता येईल.

आता त्याला लिहायला सांगत नाही. एररची ओळ चिकटवतो आणि "याचा अर्थ मराठीत सांग" म्हणतो. त्याला ते चांगलं जमतं.

---

पन्हाळ्याचा_वारा | २ ऑगस्ट, रात्री ९.४०

पटलं. वाचतोय.

---

धारोष्ण | १९ ऑगस्ट, रात्री ११.३०

मंडळी, आज रडायची वेळ आली होती.

आमच्यात ६.० च्या वर प्रत्येक पॉइंटला वाढ असते. ६.३ म्हणजे तीन पॉइंट. मी लिहिलं: पॉइंट = इंट((फॅट - ६.०) * १०). वहीशी जुळवायला बसलो तर काहींचं जुळतंय, काहींचं नाही. शेवटी एकेक फॅट घालून बघितलं. ६.२, ६.४, ६.५, ६.७, ६.९ बरोबर. ६.१, ६.३, ६.६, ६.८ ला एक पॉइंट कमी! ६.३ ला दोनच पॉइंट. चार वेळा तपासलं. लॅपटॉप खराब झालाय का?

---

हिंजवडी_फेज२ | २० ऑगस्ट, रात्री १२.१०

ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे. तुम्ही फारच जुन्या खड्ड्यात पडलात, या खड्ड्यात मी पण पडलोय.

दशांश पद्धतीत १ भागिले ३ लिहा बरं. ०.३३३ आणि पुढे संपतच नाही. कुठेतरी थांबावं लागतं आणि थांबलं की किंचित कमी राहतं. कॉम्प्युटर दोनच्या पद्धतीत लिहितो, तिथे ०.१ ची हीच गत होते, ०.३ ची पण. ०.५ मात्र नेमकं बसतं, म्हणून तुमचं ६.५ बरोबर आलं. ६.३ साठवताना केसभर कमी साठवलं गेलं, त्यातून ६ गेले, दहानं गुणलं, उरलं २.९९९९९९९९९९९९९९८२. इंट पुढचं सगळं कापून टाकतं. राहिले २. उलट ६.२ केसभर जास्त साठवलं जातं, म्हणून ते वाचलं.

०.१ + ०.२ करून बघा. ०.३ येणार नाही, तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक ४ येईल. हे फक्त पायथॉनचं नाही, सी मध्येही असंच, जावास्क्रिप्टमध्येही असंच.

उपाय: पैशाच्या कामात अपूर्णांक ठेवायचेच नाहीत. फॅट ६.३ नाही, ६३. पॉइंट = राउंड(फॅट * १०) - ६०. दर रुपयात नाही, पैशात. दूध लिटरमध्ये नाही, मिलिलिटरमध्ये. ४.५ लिटर गुणिले ५२.५० रुपये म्हणजे ४५०० गुणिले ५२५०, त्याला हजारानं भागा, २३६२५ पैसे. म्हणजे २३६ रुपये २५ पैसे. सगळा हिशोब पूर्णांकात करा आणि रुपये फक्त शेवटी छापताना.

---

खडूफळा | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

उत्तम समजावलंत. तुमचा पाया पक्का आहे हे मान्य करतो. (पहिल्या दिवशीचा वाद मी विसरलेलो नाही.)

---

उद्यमनगरी | २० ऑगस्ट, सकाळी ८.०५

आमच्या मशीनचं कंट्रोल पण मायक्रॉनमध्येच (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतंय, आज कळलं का ते. ताई, चार वेळा तपासून कुठल्या फॅटला चुकतंय त्याची यादी काढली ना, हेच खरं काम. नाद खुळा.

---

धारोष्ण | ४ सप्टेंबर, रात्री १०.००

सगळं पैशात आणि मिलिलिटरमध्ये बदललं. पॉइंट जुळले. ६० जणींचं बिल वहीशी तंतोतंत. दोघींचं एक रुपयानं कमी. दोघींच्या बिलाच्या शेवटी ५० पैसे होते. आमच्यात ५० पैसे आले की वरचा रुपया देतात. पण राउंड(१३४२.५) म्हटलं की १३४२ येतंय, आणि राउंड(१३४३.५) म्हटलं की १३४४. एकदा खाली, एकदा वर? मनाला येईल तसं?

---

रंकाळावेस | ४ सप्टेंबर, रात्री १०.२५

हे मला माहितीय, परवाच परीक्षेला होतं! बरोबर मधोमध आलं की पायथॉन ३ सम संख्येकडे जातं. १३४२ सम, १३४४ सम. नेहमी वरच ढकललं तर हजारो आकड्यांत बेरीज फुगत जाते, म्हणून ही रीत. जुन्या पायथॉन २ मध्ये असं नव्हतं.

तुम्हाला वरच न्यायचंय तर राउंड वापरूच नका. रुपये = (पैसे + ५०) // १००. दोन तिरक्या रेघा म्हणजे भागून पूर्णांकच ठेवायचा. १३४२५० मध्ये ५० मिळवले, १३४३००, भागिले शंभर, १३४३.

---

धारोष्ण | ४ सप्टेंबर, रात्री १०.४०

६२ पैकी ६२. 🙏

आता एकच कटकट. बिलाची यादी छापतो तेव्हा नावांपुढचे आकडे सरळ ओळीत येत नाहीत. कुणाचा आकडा पुढं, कुणाचा मागं.

---

हिंजवडी_फेज२ | ५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

ते देवनागरीमुळे. आपण कोल्हापूर या शब्दात चार अक्षरं मोजतो, को-ल्हा-पू-र. पायथॉनला लेन("कोल्हापूर") विचारा, ९ म्हणेल. क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र, असं सगळं सुटं मोजतो. त्यामुळे रकाना किती रुंद धरायचा ते त्याला कळत नाही.

त्याच्याशी झगडू नका. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) लिहा आणि एक्सेलमध्ये उघडा, रकाने आपोआप सरळ येतील. फक्त प्रोग्राममध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) "यूटीएफ-८-सिग" द्या. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर एक्सेल मराठी नावांची रांगोळी करतं.

---

खडूफळा | ५ सप्टेंबर, सकाळी १०.००

आणि नावं अनुक्रमानं लावायची असतील तर जपून. कॉम्प्युटर अक्षरांचा क्रम ज्या तक्त्यावरून धरतो त्या युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व च्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. नावाच्या पोटात ळ असेल तर यादीतली जागा हुकते. सभासद क्रमांकावरच लावा, भांडण नको.

---

तांबडापांढरा | ५ सप्टेंबर, सकाळी १०.०४

यादीत नाव खाली गेलं म्हणून आमच्याकडं सोसायटीची निवडणूक लागलीय, सर. बरोबर बोललात.

---

धारोष्ण | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३०

बरेच दिवस आलो नाही, गणपती, मग नवरात्र. सप्टेंबरची तिन्ही बिलं वही आणि प्रोग्राम दोन्हीवर केली, तिन्ही जुळली. कालचं बिल पहिल्यांदा फक्त प्रोग्रामवर काढलं. साडेनऊला घरी. सासूबाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग हौस आली म्हणून मागच्या वर्षीच्या वह्यांतले आकडे घालत बसलो. एका बिलात १८ रुपयांचा फरक निघाला. वाटलं आणखी एखादी गंमत असणार राउंडसारखी, तासभर प्रोग्राम उलटापालटा केला. प्रोग्राम बरोबर होता. वहीत ६ चा आकडा मी ० वाचला होता. अक्षर माझंच. त्या काकूंना १८ रुपये कमी गेले होते.

आज सकाळी दूध घालायला आल्या तेव्हा सांगितलं आणि पैसे दिले. त्यांनी विचारलं, हे कळलं कसं? मी म्हणालो, लॅपटॉपनं सांगितलं. तर म्हणाल्या, "मग त्याला विचार की, माझं आठवड्यापूर्वीचं फॅट का घसरलं ते."

दिवाळीचा दूध फरक (वर्षभराच्या दुधावर सभासदांना मिळणारी जादा रक्कम) पुढच्या आठवड्यात काढायचाय, वर्षभराची सगळी बिलं सभासदवार गोळा करून. छत्तीस सीएसव्ही फायली आहेत. एकेक उघडायची का, की एकदम वाचता येतात?

---

रंकाळावेस | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४२

एकदम येतात. ग्लोब म्हणून मॉड्यूल आहे, फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्हींची यादी देतं. त्या यादीवर लूप फिरवायचा आणि सभासद क्रमांक ही किल्ली धरून डिक्शनरीत (प्रत्येक किल्लीपुढे तिचा आकडा ठेवणारी पायथॉनमधली नोंद) बेरीज करत जायची. आधी दोनच फायलींवर करून बघा, आणि वहीतली एक काकू निवडून हातानं जुळवा.

---

धारोष्ण | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४५

१८ रुपयांवाल्या काकूच घेतो.